खारीवाडा सोडून सगळं वास्को

नंदगड, ता. खानापूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. सुनयना हिला आज्जाचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? पोट ठिकाणावर आहे का? वास्कोचं पाणी पहिले आठ दिवस पोटात गुडगुड करतं, घाबरायचं नाही, नवव्या दिवशी ते आपलं होतं. तुझ्या खोलीतल्या रचनाचा खोकला गेला का? तुमच्या घरमालकीणबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, आमच्या आज्जाचेही गेलेत, पण दोन्ही एका दिवशी दुखत नाहीत एवढं सुख आहे.

इकडं आज्जीचं बीपी गोळी घेतली की गप्प बसतं. बेळगावात तुझा बाप दीपंकर रोज उद्यमबागला भट्टीपुढं उभा असतो, कंबर धरली की पट्टा बांधतो आणि पट्टा सोडला की कंबर धरते. तुझी आई मंगल बरी आहे. म्हैस बरी आहे. माझा उजवा कान कायमचा संपावर गेलाय आणि डावा अर्ध्या दिवसाच्या हजेरीवर येतो. म्हणून फोनपेक्षा मला कागद बरा. शिवाय घरात फोन एकच, तो तुझ्या आज्जीच्या हातात, आणि फोनवर बोललेलं सगळ्या आळीचं होतं.

तू निघताना म्हणालीस, "आज्जा, तू चौदा वर्षं वास्कोच्या बंदरात काढलीस, मग तिथं कसं राहायचं ते लिहून पाठव." तर लिहितो. सत्त्याऐंशी साली मी ते शहर सोडलं, त्यामुळं दुकानं बदलली असतील. वारा आणि समुद्र बदलला नसेल, तेवढं माझं खरं धर.

आधी वारा ओळख. सकाळी तो जमिनीकडून येतो, दुपारनंतर समुद्राकडून, आणि येताना कोळशाची काळी भुकटी घेऊन येतो. कपडे सकाळी वाळत घाल आणि जेवायच्या आधी काढ. पांढरी ओढणी गावाकडं येताना घालायला ठेव.

पाववाल्याला तिथं पोदेर म्हणतात. सायकलवर भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडून उंडे, म्हणजे गोल कडक पाव, घे आणि गरम असतानाच खा, दुपारी त्याच उंड्यांनी क्रिकेट खेळता येतं. बसमध्ये कंडक्टर "फुडें, फुडें" म्हणून ओरडतो. तू पुढं सरकलीस तरी ओरडतो. रागवायचं नाही, त्याचा श्वासच तसा आहे. कोकणी हळूहळू येईल. बाजारात आधी कोकणीचे दोन मोडके शब्द टाकायचे आणि मग मराठीत घासाघीस करायची. पहिल्यापासून मराठीत सुरू केलीस तर ती बाई तुला बाहेरची समजणार आणि टोपलीच्या तळातली मासळी देणार. आपल्याकडं मासळीची सवय नाही, तेव्हा बांगड्यापासून सुरुवात कर. कल्ला उचलून बघ, आत लाल असलं तर घे. बाई म्हणेल, "हात नको लावू गो." तरी लाव.

ओहोटीला बायण्याच्या किनाऱ्यावर पाय भिजव, भरतीला लांब बस. आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी वर सड्याच्या पठारावर जा. तिथून सगळं बंदर दिसतं. बाहेर समुद्रात नांगर टाकून बोटी उभ्या असतात. आत जागा झाली आणि हुकूम आला की एक लहान होडी पायलटला, म्हणजे बंदराची वाट जाणणाऱ्या माणसाला, घेऊन बाहेर जाते, तो त्या बोटीवर चढतो आणि तिला आत आणतो. बोट डोंगराएवढी असू दे, आपल्या मनानं ती बंदरात शिरत नाही. मी चौदा वर्षं ते बघितलं आणि मला कधी कंटाळा आला नाही.

आता तुझ्या कामाचं. तू बंदराच्या ऑफिसातली सेफ्टीची माणूस, कॉलेजात शिकलेली, तुला मी काय सांगणार? तरी लिहितो. डोक्यावर हूक हलत असेल तिथं उभं राहायचं नाही. बोटीच्या पोटात उतरलीस तर आधी लोखंडाची भिंत शोधायची, तिला पाठ लावायची, मग कुणाचं नाव-गाव विचारायचं. नवा माणूस वर बघत उभा राहतो. पळायचं कुठं ते आधी बघून ठेवत नाही. सुनयना, हे दोनदा वाच.

आणखी दोन गोष्टी. कुणी गाव विचारलं तर बेळगाव म्हण. नंदगड कुणाला ठाऊक नसतं, उगाच समजावत बसावं लागतं. आणि खारीवाड्याला जाऊ नकोस. ती कोळ्यांची वस्ती आहे, चिखल, जाळी, माशांचा वास, आणि मासळीही तिथं महाग. तुझं तिथं काही काम नाही. तेवढं सोडून सगळं वास्को फिर.

आज्जी शेजारी बसलीय आणि हे लिहायला लावतेय, म्हणून लिहितो. तुला माहीत आहे, माझा धाकटा भाऊ मष्णू तरुणपणी वास्कोहून बोटीवर नोकरीला गेला तो परत आला नाही. आज्जी म्हणते, "पोरीला सांगा, बोटीवरनं म्हातारी माणसं उतरली की बघ म्हणावं. मष्णूच्या डाव्या भुवईवर खोक हाय." अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तरी ती त्याची वाकळ दर उन्हाळ्यात उन्हाला घालते. जाताना तो म्हणाला होता, "वैनी, अण्णाच्या खोलीतली फरशी लई टोचती म्हनं, पुढच्या खेपेला वाकळ नेतो." तिनं महिन्यात शिवून ठेवली. म्हातारीचं बोलणं आहे, मनावर घेऊ नकोस.

तिला समुद्र दाखवायचा राहिला, तेही ती रोज ऐकवते. बघू.

पत्र लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

तुझा आज्जा,
सत्याप्पा


नंदगड
बुधवार, २९ जानेवारी

चि. सुनयना हिला आशीर्वाद.

तू बरी आहेस ना? रचना बरी? बाईंचे गुडघे? आम्ही बरे आहोत.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पोस्टमन अंगणात उभा होता तोवर पहिलं पान वाचलं, दुसरं पान गोठ्यात जाऊन वाचलं.

ऑफिसातली माणसं हसली म्हणतेस. "चौदा वर्षं वास्कोत राहिलेला माणूस खारीवाड्याला जाऊ नको म्हणतो? गावातली सगळ्यात ताजी मासळी तिथंच उतरते!" हसू देत. माझी त्या वेळची गोष्ट वेगळी होती. पण तू मला न विचारता गेलीस, हे मला आवडलं नाही. आज्जा काही सांगतो तर त्याला कारण असतं, आणि सगळी कारणं सांगायची नसतात.

त्या जाळी शिवणाऱ्या म्हाताऱ्याचं तू एवढं का लिहिलंस? एका पायाची माणसं बंदरावर पुष्कळ. त्यानं "कुठली गं पोरी?" म्हणून आपल्या बोलीत विचारलं, त्यात नवल काय? आपल्याकडची माणसं तिथं पन्नास वर्षांपासून आहेत. तू बेळगाव सांगितलंस ते बरं केलंस. आणि तो म्हणाला, "बेळगाव लई मोठं हाय." बरोबरच आहे, मोठं आहे. तुला त्याचं हसू आलं म्हणतेस. मला आलं नाही.

कुबडी लाकडाची होती की आता मिळते तसली पांढरी हलकी? तू नुसतं कुबडी लिहिलंयस. केस अजून दाट आहेत का? खोकत होता का? जाळं शिवताना त्याच्याजवळ कुणी बायकामाणूस, पोरंबाळं दिसली का? उगाच विचारतो. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याची चौकशी असते, दुसरं काही नाही.

पुन्हा तिकडं जाऊ नकोस.

दुसरं. साहेबांनी अपघाताची जुनी कागदं कॉम्प्युटरवर चढवायचं काम तुला दिलंय आणि पुढच्या सोमवारी तू पंच्याहत्तर ते ऐंशी सालचा गठ्ठा सोडणार म्हणतेस. तो गठ्ठा दुसऱ्या कुणाला दे. जुन्या धुळीनं तुला शिंका येतात, लहानपणापासून येतात. साहेबांना तसं सांग. नाहीच ऐकलं तर ऐंशीच्या पुढचं घे, मागचं राहू दे. मेलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या माणसांची कागदं. त्यातून तुला काय शिकायचंय?

तू लिहिलंयस, "आज्जा, तुझ्या वेळची माणसं सापडतील त्यात, मज्जा येईल." त्यात मज्जा नाही, बाई.

मी तुला तेवीस वर्षांत काही मागितलं नाही. चालायला शिकलीस तेव्हा बोटसुद्धा तूच माझं मागितलंस. आज मागतो. का म्हणून विचारू नकोस. आणि यातलं एक अक्षर आज्जीजवळ फोनवर काढू नकोस. तिचं बीपी आहे.

लगेच लिही. नुसतं 'दिला' एवढं लिहिलंस तरी मला कळेल.

आज्जा


नंदगड
रविवार, ९ फेब्रुवारी

सुनयना,

या वेळी मी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारत नाही. विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही. तू बरी असावीस, एवढं मनात आहे.

मंगळवारी तू आज्जीला फोन केलास आणि माझ्यासाठी निरोप ठेवलास. ती गोठ्यात आली आणि शिकवलेल्या धड्यासारखं म्हणाली, "पोरगी म्हणती, आज्जाला सांग, शहात्तरचं पाकीट मीच उघडलं. पंधरा दिवसांत आज्जाच्या तोंडनं ऐकायचंय, न्हायतर खारीवाड्याला जाऊन त्याच्या तोंडनं ऐकीन. कसलं पाकीट वो? आन खारीवाड्याला कोण हाय?"

मी म्हणालो, "ऑफिसचं कायतरी हाय." ती निघून गेली. माझ्या हातातली पेंड म्हशीनं ओढून घेतली तरी मी तसाच उभा होतो.

तू तो कागद वाचलायस. आता माझं वाच.

शहात्तर साली बंदरात आम्हाला पितळेचा बिल्ला असायचा. माझा नंबर तीनशे बारा. सकाळी बिल्ला दाखवायचा आणि कामावर जायचं. लागोपाठ काही दिवस बिल्ला आला नाही तर तो काढून घ्यायचे, आणि बाहेर तो मिळायची वाट बघत शंभर माणसं उभी असायची. म्हणून गावाला जायचं झालं की माणूस आपला बिल्ला भावाला, मेव्हण्याला देऊन जायचा. तो त्या नंबरावर काम करायचा. चोरीचा मामला होता, पण सगळेच करायचे आणि मुकादम तोंड फिरवायचा.

ऑक्टोबरात तुझा बाप जन्मला. तार आली. मला पोराचं तोंड बघायचं होतं. मष्णू तीन आठवड्यांपूर्वीच गावाहून माझ्याकडं आला होता, एकोणीस वर्षांचा. मी त्याला सगळं वास्को शिकवलं होतं. पोदेर, बस, वारा, कोकणीतले दोन शब्द, मुकादमाशी कसं बोलायचं. तुला जे जे लिहिलं ते सगळं आधी त्याला सांगून झालं होतं. बिल्ला मी माझ्या हातानं त्याच्या गळ्यात घातला. तो हसला आणि म्हणाला, "अण्णा, आता मी तीनशे बारा. तू कोण?"

बोटीच्या पोटात उभं कसं राहायचं, तेवढं सांगायचं राहिलं. गाडीची वेळ झाली होती. मला वाटलं, बघून शिकेल.

तिसऱ्या दिवशी हुकाला लावलेली खताच्या पोत्यांची जाळी वर जाताना कलली. बाकीचे भिंतीला गेले. हा मधोमध उभा राहून वर बघत होता.

मी परत आलो तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. चौकशी लागली होती. मुकादमानं मला बाजूला घेतलं. "बिल्ला दिला म्हणालास तर तुझं काम पण जाईल. चोरला म्हण. निदान एकाची तरी चूल पेटंल." साहेबांनी विचारलं, बिल्ला तू दिलास का? मी म्हणालो, "न्हाय साहेब. मी गावाला गेलतो. त्यानं माझ्या ट्रंकेतनं न विचारता काढून नेला."

लोकांना वाटतं, अडाणी माणसाला फसवून कागदावर अंगठा घेतात. मला कुणी फसवलं नाही. कारकुनानं मी बोललो तसंच लिहिलं, सावकाश वाचून दाखवलं, आणि मी अंगठा दिला. तो तू बघितला असशील. तो माझाच आहे.

चोरीच्या बिल्ल्यावर आला म्हणून मष्णूला ना पुढचे उपचार मिळाले, ना बसून करायचं हलकं काम. मी दवाखान्यात गेलो तोवर त्याला कळलं होतं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एकच विचारलं, "अण्णा, वैनीला काय सांगणार?" मग तोच म्हणाला, "बोटीवर गेला म्हणून सांग. चोर म्हणून नको सांगू."

पुढच्या खेपेला गेलो तर खाट मोकळी. खारीवाड्यातल्या एका कोळ्याच्या घरानं त्याला नेलं, बसून जाळी शिवायला शिकवलं. मी निरोप धाडला. उलटा निरोप आला, "आलास तर मी हितनंबी जाईन." म्हणून गेलो नाही. हे बोलायला सोयीचं आहे. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच शहरात राहिलो, सुनयना. एवढंसं शहर ते. मासळी लांबच्या बाजारातून आणली, वळसा घालून कामावर गेलो, पण त्या वस्तीत पाऊल टाकलं नाही. तुझ्या आज्जीला समुद्र दाखवला नाही तोही त्यासाठीच. ती पहिल्याच दिवशी मासळी घ्यायला खारीवाड्याला गेली असती.

शहाण्णव साली एकदा गेलो होतो, एकटाच. रस्त्यापलीकडं उभा राहिलो. तो जाळं मांडीवर घेऊन बसला होता, सुई भराभर चालत होती. एका पोरानं काहीतरी चेष्टा केली आणि तो हसला. मी पुढच्या गाडीनं परत आलो.

लहानपणी तू विचारायचीस, आज्जा, शाळेत न जाता तू कसा शिकलास? मी सांगायचो, बाबासाहेबांच्या फोटोपुढं पाटी घेऊन बसलो आणि शिकलो. फोटो होता, पाटीही होती. पण मी शिकलो ते तो कागद माझ्या हातानं दुसऱ्यांदा लिहिता यावा म्हणून. वर्षभरात अक्षर आलं. लिहायला मात्र आजचा दिवस उजाडावा लागला.

परवा शुक्रवारी आज्जीला सांगितलं. ती अंगणात पावटे सोलत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, बसलो असतो तर जमलं नसतं. तिनं मान वर केली नाही. विचारलं, "कुठला पाय?"

"उजवा."

"गुडघ्याच्या वर का खाली?"

"खाली."

चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या बाळंतपणापायी."

"न्हाय. माझ्यापायी."

तेव्हा तिनं वर बघितलं. सुनयना, एक्कावन्न वर्षांच्या संसारात तिनं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाणासुद्धा अर्धाच घेतला होता. परवा ती म्हणाली, "सत्याप्पा, मी त्या वाकळंला दर साली ऊन दावत आले, आन तू हितं बाजेवर बसून बघत हुतास."

मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दोन दिवस ती जेवण वाढते आणि बोलत नाही. आज सकाळी ट्रंक उघडून वाकळ काढली, झटकली, दोरीनं बांधली. म्हणाली, "गुरवारी वीस तारखंला लोंढ्यासनं गाडी हाय. मी चालले मष्णूकडं. तुमी त्याच्या म्होरं यायचं का न्हाय, ते त्यो सांगंल. मी सांगनार न्हाय."

पुन्हा 'तुमी' म्हणाली, एवढंच मी धरून बसलोय.

तुझ्या बापाला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या जन्माच्या निमित्तानं हे झालं, हे त्याला फोनवर कळायला नको. येत्या रविवारी बेळगावला जाऊन समोरासमोर सांगणार आहे. तोवर तू काही बोलू नकोस. हे मी लपवायला सांगत नाही.

आता तुझं काम. पत्रासोबत एक वेगळा कागद आहे. त्यावर लिहिलंय ते असं:

"मी, सत्याप्पा, राहणार नंदगड, लिहून देतो की ऑक्टोबर १९७६ मध्ये बिल्ला नंबर ३१२ माझ्या भावानं चोरला नव्हता. मी गावी जाताना तो माझ्या हातानं त्याच्या गळ्यात घातला होता. चौकशीत मी खोटं बोललो. भावाचं नाव मष्णू. तो चोर नाही."

खाली सही केलीय. सहीशेजारी अंगठाही दिलाय, म्हणजे जुन्या कागदावरच्या अंगठ्याशी जुळवून बघता येईल आणि हा कुणा दुसऱ्याचा कागद म्हणून कुणी बाजूला टाकणार नाही. साहेबांना दाखव आणि त्या पाकिटात लावायला सांग. तुझ्या नोकरीला यानं झळ बसणार असेल तर लावू नकोस, मी स्वतः येऊन देईन. पण मष्णूला तो वाचून दाखवच. त्याला वाचता येतं की नाही, मला ठाऊक नाही. बघ, भावाचं एवढंसुद्धा मला ठाऊक नाही.

खारीवाड्याला जा. दुपारी जा, तेव्हा जाळी शिवायला बसतात. त्याला आधी सांग, मी बेळगाव म्हणाले होते ते खरं नव्हतं, मी नंदगडची, सत्याप्पाची नात. चिडला तर ऐकून घे. हाकललं तर परत ये आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आज्जीचं नाव घेतलंस तर तो हाकलणार नाही. ती वीस तारखेला वाकळ घेऊन येतेय म्हणून सांग. मग माझं विचार. माझ्या बाजूनं एक शब्द बोलू नकोस. अण्णा म्हातारा झालाय, कान गेलेत, रडतो, असलं काही नको. एवढंच विचार, तो आला तर चालेल का?

गाडीत मी आज्जीसोबत असेन. वाकळ जड आहे, तिला उचलत नाही. वास्को शेवटचं स्टेशन, गाडी तिथून पुढं जात नाही. आज्जीला तू घेऊन जा. मी फलाटावर बाकावर बसेन. त्याचा होकार असला तर तू परत येऊन मला आत ने. तुला मी सड्यावरून बघायला सांगितलं होतं ना, बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटींचं, तसंच समज. नकार असला तर पुढच्या गाडीनं मी लोंढ्याला उतरेन. मला त्याचा राग येणार नाही.

फोन करू नकोस. फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीही बोलतो. मला ते नको. तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिही, शिवी दिली तर शिवी लिही. तुझ्या गावचं पोस्ट चार दिवस घेतं. अठराला मंगळवारी टाकलंस तर मला वेळेवर मिळणार नाही, म्हणून पंधरा तारखेच्या आत टाक.

रोज अकराला पोस्टमन येतो. मी दारात आहे. लवकर लिही, बाई.

तुझा आज्जा,
सत्याप्पा
ज्यानं बिल्ला दिला तो